सदोष बंदुकीची इजा: निष्काळजीपणाचा दावा की कठोर दायित्वाचा?

अमेरिकेत चाप न ओढता बंदूक सुटली आणि कोणी जखमी झाले, तर उत्पादकाला जबाबदार धरण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. निष्काळजीपणाच्या दाव्यात कंपनीने वाजवी काळजी घेतली नाही, हे जखमीला सिद्ध करावे लागते आणि त्यासाठी बहुधा कंपनीचेच जुने कागद बाहेर काढावे लागतात. कठोर दायित्वाच्या दाव्यात प्रश्न वर्तनाचा नसून वस्तूचा असतो: बंदूक कारखान्यातून निघतानाच सदोष होती का? हे तत्त्व कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये, लाकूडकामाच्या एका यंत्राच्या खटल्यात मांडले.

रेमिंग्टन 700 या शिकारीच्या रायफलीच्या वादात हा फरक स्पष्ट दिसतो. तिच्या जुन्या रचनेत चापाला लागून एक छोटी, सुटी पट्टी होती. त्या दोहोंमध्ये कचरा अडकला की पट्टी जागेवर परतत नाही आणि सेफ्टी (गोळी सुटू न देणारा खटका) काढताच गोळी सुटू शकते, असे वादींचे म्हणणे होते. कंपनीने ते नाकारले. कठोर दायित्वात प्रश्न या रचनेतल्या दोषाचाच उरतो; निष्काळजीपणाच्या दाव्यात कंपनीने वाजवी काळजी घेतली नाही, हेही दाखवावे लागते.

जखमीसाठी कठोर दायित्वाचा मार्गच मला अधिक न्याय्य वाटतो, कारण कारखान्यात काय ठरले हे शिकाऱ्याला कळणार कसे? मात्र दोष रचनेतला असेल, तर अनेक राज्यांत अधिक सुरक्षित पर्यायी रचना शक्य होती हे दाखवावे लागते आणि तिथे दोन्ही मार्ग बरेच जवळ येतात. उत्पादकांना संरक्षण देणाऱ्या 2005 च्या संघीय कायद्याने सदोष बंदुकीच्या दाव्यांना वाट मोकळी ठेवली आहे. परंतु गुन्हा ठरेल अशा हेतुपुरस्सर कृतीतून गोळी सुटली असेल, तर ती वाटही बंद होते.