दिवाळी अंकांची वाचनालय योजना: एका हंगामाचा हिशेब

आमच्या घराजवळच्या वाचनालयाची दिवाळी अंक योजना मी यंदा प्रथमच घेतली. ५०० रुपये वर्गणी, एका वेळी दोन अंक आणि मार्चअखेरपर्यंत हवे तितक्या वेळा ते बदलण्याची मुभा, असे तिचे स्वरूप आहे. दोन जाड अंक विकत घेतले तरी एवढे पैसे सहज संपतात. मी आतापर्यंत ३८ अंक वाचले आहेत.

योजनेचा खरा लाभ मात्र मला पैशांपलीकडचा वाटतो. आजवर मी मुखपृष्ठावरची नावे पाहून अंक विकत घेत असे आणि एखादा फसला, तर दोष संपादकाला देत असे. यंदा एकाच कथालेखिकेच्या तीन कथा तीन निरनिराळ्या अंकांत वाचायला मिळाल्या. आजोळचे घर विकण्याआधी फडताळ रिकामे करणाऱ्या दोन बहिणींची पहिली कथा वाचून मी त्या रात्री दुसरे काही वाचू शकलो नाही. दुसरी सुबक, पण निर्जीव होती. तिसरी तर पाने भरण्यासाठीच लिहिली असावी. निमंत्रणे पावसाळ्याच्या तोंडाशी जातात, नामवंतांकडे चहूकडून मागणी असते, म्हणून लेखक पाट्या टाकतात, असे आपण सहज म्हणतो. पण ती अप्रतिम कथाही त्याच हंगामात, तशाच मुदतीच्या धाकात लिहिली गेली असणार, त्याचे काय? काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली, तेव्हापासून लेखकाला आश्विनापूर्वी सुचलेच पाहिजे, या भरवशावर हा सारा व्यवहार चालला आहे. मला यंदाची सर्वांत चांगली कविता सापडली ती एका कंटाळवाण्या परिसंवादाच्या शेवटी उरलेल्या जागेत, कवीचे नाव अनुक्रमणिकेत शोधावे लागेल अशा बेताने छापलेली.

सेवेत उणिवा आहेत. गाजलेले अंक जानेवारी उजाडेपर्यंत हाती लागत नाहीत, शब्दकोडी आधीच्या वाचकाने पेनाने (आणि चुकीची) सोडवलेली असतात आणि राशिभविष्याची पाने गायब असतात. ग्रंथपाल बाई आपुलकीने अंक सुचवतात, परंतु त्यांनी भरभरून सांगितलेले दोन अंक मला अर्ध्यात सोडावे लागले आणि ‘यात काही नाही हो’ म्हणून त्यांनी बाजूला सारलेल्या अंकातच ती बहिणींची कथा होती. यासाठी मी त्यांना दोष देत नाही. स्वतः लेखिकेलाही तिन्हींतली कोणती कथा साधली हे सांगता आले असते का, याची मला शंका आहे.

हंगाम संपल्यावर हे अंक वाचनालय निम्म्या किमतीत विकते. बहिणींच्या कथेच्या त्या अंकासाठी मी आताच नाव नोंदवून ठेवले आहे.