मिनरल, सेमी की फुल सिंथेटिक? गाडीत नक्की कुठलं ऑइल टाकायचं

सर्व्हिसिंगला गाडी टाकली की काउंटरवरचा माणूस विचारतो "ऑइल कुठलं टाकू?" आणि आपण एकतर सगळ्यात स्वस्त डब्यावर बोट ठेवतो नाहीतर घाबरून सगळ्यात महाग सांगून मोकळे होतो. माझं दोन्ही करून झालंय. वर एकदा मेकॅनिक म्हणाला गाडी जुनी झाली, जरा जाड टाकू, इंजिन शांत होईल, मी म्हटलं टाका, आणि मग रोज सकाळी स्टार्ट केल्यावर टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) टकटक आधीपेक्षा जास्त वेळ ऐकत बसलो.

त्यामुळे मिनरल-सिंथेटिकच्या आधी डब्यावरचा आकडा बघा. 5डब्ल्यू-30 मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, वजनाशी त्याचा काही संबंध नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा सांगतो गारठ्यात ऑइल किती पटकन वाहणार: थंड इंजिन फिरवायची जी चाचणी असते ती 5डब्ल्यूसाठी उणे 30 अंशाला होते आणि 15डब्ल्यूसाठी उणे 20 ला. मागचा 30 किंवा 40 म्हणजे 100 अंश सेल्सिअसला त्याचा जाडपणा. आता हल्लीच्या बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच प्रेशरवर चालते, बारीक बारीक वाटांतून, तिथे 20डब्ल्यू-50 सारखं घट्ट ऑइल ओतलं की ते वर पोचायलाच वेळ लावतं. माझ्या टकटकीचं कारण तेच. मॅन्युअलमधे लिहिलेला ग्रेड, म्हणजे हाच आकडा, हा पहिला नियम, प्रकार नंतर.

आता प्रकार. मिनरल म्हणजे क्रूड शुद्ध करून काढलेलं, त्यात लहानमोठे सगळ्या आकाराचे रेणू एकत्र असतात, हलके असतात ते गरम झाल्यावर उडून जातात आणि मेणासारखे असतात ते थंडीत घट्ट होतात. सिंथेटिकमधे रेणू बरेच एकसारखे, त्यामुळे थंडीत लवकर वाहतं आणि उष्णतेत लवकर जळत नाही. पण इथे एक गंमत आहे. सगळं "फुल सिंथेटिक" प्रयोगशाळेत शून्यातून बनवलेलं नसतं, बरंचसं क्रूडवरच हायड्रोजनची जबरदस्त प्रक्रिया करून बनतं, ज्याला ग्रुप 3 म्हणतात. याला सिंथेटिक म्हणायचं का यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल या ऑइल कंपन्यांची जुंपली होती आणि 1999 मधे तिथल्या जाहिरातींच्या तक्रारी बघणाऱ्या संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला, म्हणजे म्हणा सिंथेटिक. म्हणून वाईट आहे असं नाही हं, चांगलं ग्रुप 3 रोजच्या गाडीला भरपूर झालं.

सेमीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दोन्हीचं मिश्रण, आणि त्यात सिंथेटिक किती असावं याचं काही पक्कं प्रमाण नाही, त्यामुळे एका डब्यातलं सेमी आणि दुसऱ्यातलं सेमी यात बराच फरक असू शकतो.

खरा फरक टर्बोच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा असलेल्या गाडीत पडतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, एका बाजूला एक्झॉस्टची धग, आणि तुम्ही हायवेवरून येऊन लगेच किल्ली बंद केलीत की ऑइलचं वाहणं थांबतं आणि आत उरलेलं तिथेच भाजत बसतं. मिनरल असेल तर त्याचा काळा कोळसा लवकर धरतो आणि ऑइलच्या वाटा चोंदतात. इथे पैसे वाचवू नका, फुल सिंथेटिकच टाका, आणि थांबण्याआधी शेवटचं अंतर हळू चालवा. छोट्या टर्बो पेट्रोलमधे अजून एक लफडं, कमी आरपीएमला जोर लावला की कधीकधी स्पार्कच्या आधीच मिश्रण पेट घेतं आणि पिस्टनलाच फटका बसतो. 2020 मधे आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी दर्जात याची चाचणी आहे, टायमिंग चेनच्या झिजेचीसुद्धा, म्हणून तुमच्या मॅन्युअलने एसपी मागितलं असेल तर डब्यावर ती दोन अक्षरं शोधा.

डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर प्रश्न अजून वेगळा. ऑइलमधल्या काही रसायनांची राख होते, काजळी फिल्टरमधे जळून जाते पण राख जळत नाही, ती साचतच जाते. त्यामुळे कमी राखेचं ऑइल लागतं, गाडीच्या कंपनीने सी3 (युरोपातला ऑइलचा एक दर्जा) सांगितलं असेल तर सी3च. कितीही भारी सिंथेटिक असलं तरी हा दर्जा नसेल तर ते तुमच्यासाठी चुकीचंच.

साधं, टर्बो नसलेलं, जुन्या पद्धतीचं पेट्रोल इंजिन आहे आणि मॅन्युअल मिनरलला परवानगी देतं, तर खुशाल मिनरल टाका, फक्त सांगितलेल्या किलोमीटरच्या पुढे एक दिवस ढकलू नका. ढकलायची सवय असेल (मला आहे) तर सिंथेटिक घेतलेलं बरं. जुन्या गाडीत सिंथेटिक टाकलं की गळायला लागते असं म्हणतात, तर बहुतेक वेळा ऑइल सील आधीच कडक झालेलं असतं आणि साचलेल्या घाणीनेच गळती अडवून धरलेली असते, नवीन ऑइलने ती धुतली की पितळ उघडं पडतं.

आणि सिंथेटिक टाकलं म्हणजे दोन वर्षं बघायला नको, असंही नाही. घाण धरून ठेवणारी, आम्ल मारणारी रसायनं दोन्हीत संपतातच. विशेषतः रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत, इंजिन पुरतं तापतच नाही, पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमधेच राहतं. अशा गाडीला किलोमीटर मोजू नका, तारीख बघा. ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं असं मात्र नाही, डिझेलमधे तर नवीन ऑइल बघता बघता काळं होतं, घाण उचलणं हे त्याचं कामच आहे.

कमी पडलं आणि हवं ते मिळत नसेल तर त्याच ग्रेडचं दुसऱ्या प्रकारचं थोडं वर घातलं तर काही फुटत नाही, मिनरलमधे सिंथेटिक मिसळतं. सुकं चालवण्यापेक्षा ते बरं.

मी सध्या टर्बोवाल्या गाडीत फुल सिंथेटिक आणि घरातल्या जुन्या गाडीत सेमी टाकतो, दोन्ही मॅन्युअलच्या ग्रेडचं, आणि दर दुसऱ्या रविवारी सपाट जागेवर, इंजिन थंड असताना ऑइल मोजायची काडी (डिपस्टिक) काढून बघतो. पातळी कमी झाली की थोडं घालतो, पण न घालताच वाढलेली दिसली तर आत पेट्रोल, डिझेल नाहीतर कूलंट उतरतंय, मग डबा कुठल्या प्रकारचा आणू हा विचार बाजूला ठेवून गाडी थेट गॅरेजला.