गेफी, सायटोस्केप, पायेक की आर: सामाजिक जाळ्याचं चित्र कशात काढावं?

चित्र एकदाच काढायचंय, की माहिती बदलेल तसतसं पुन्हा पुन्हा? सॉफ्टवेअर उतरवून घेण्याआधी एवढं ठरवा, निम्मी निवड तिथेच होते. चित्र एकदाच हवं असेल, नोड (चित्रातला एकेक ठिपका, म्हणजे एकेक माणूस) लाखाच्या आत असतील आणि कोड लिहायचा नसेल, तर गेफी घ्या. नोड शे-दोनशेच आहेत, पण प्रत्येकाचं वय, गाव, व्यवसाय अशी भरपूर माहिती चित्रात दिसायला हवी, तर सायटोस्केप. नोड लाखांत असतील आणि संगणक विंडोजचा असेल, तर पायेक. दर महिन्याला नवी माहिती येणार आणि तेच चित्र पुन्हा लागणार, तर आर किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषांना पर्याय नाही.

आधी कसोटीचं जाळं

स्वतःची माहिती लगेच घालू नका. वेन झॅकरी यांनी 1977 साली प्रसिद्ध केलेलं कराटे क्लबचं जाळं घ्या. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातला हा क्लब: 34 सभासद, 78 दुवे, म्हणजे दोन सभासदांमधली नाती. प्रशिक्षक आणि क्लबचा पदाधिकारी यांच्यात बिनसलं, क्लब फुटला, आणि कोण कोणाच्या बाजूला गेलं याची नोंद आहे. त्यामुळे सॉफ्टवेअरने पाडलेले गट खऱ्या फुटीशी ताडून पाहता येतात.

आयात बरोबर झाली असेल तर 34 क्रमांकाच्या सभासदाला 17 दुवे दिसतील आणि 1 क्रमांकाला 16. एकूण दुवे 156 आले, तर तुमच्या फाइलीत प्रत्येक नातं दोन्ही बाजूंनी नोंदलं गेलंय आणि सॉफ्टवेअर ते दोनदा मोजतंय. पायथनच्या नेटवर्कएक्स या जाळ्यांसाठीच्या लायब्ररीत हे जाळं तयारच मिळतं, फक्त तिथे क्रमांक 0 ते 33 असे आहेत. गेफीतल्या चित्राशी तुलना करताना यानेच घोळ होतो.

फाइल कशी असावी

बहुतेक सगळ्यांना दोन तक्ते पुरतात. नोडांच्या तक्त्यात ओळखक्रमांक, लेबल आणि पुढे हवी ती माहिती. दुव्यांच्या तक्त्यात कुठून, कुठे आणि वजन (नातं किती घट्ट). गेफीसाठी रकान्यांची नावं रोमन अक्षरांत आयडी, लेबल, सोर्स, टार्गेट, टाइप, वेट अशीच ठेवा, म्हणजे ते आपोआप ओळखतं.

ओळखक्रमांकाच्या जागी माणसाचं नाव वापरू नका, मराठीत तर मुळीच नको. नावामागे एक रिकामी जागा राहिली तरी एका माणसाचे दोन नोड होतात. शिवाय ‘कऱ्हाडे’मधला र्‍य-र्‍हचा अर्धा र युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाला मात्र ती दोन माणसं. साधे क्रमांक द्या, नाव लेबलमध्ये ठेवा. लोकांच्या वैयक्तिक नात्यांची माहिती असेल तर ती उघड न होण्याच्या दृष्टीनेही हेच बरं.

एक्सेलमधून जतन करताना यूटीएफ-8 सीएसव्ही हाच प्रकार निवडा. साधं सीएसव्ही निवडलं की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि ती मागाहून दुरुस्त होत नाहीत.

गेफी: पटकन देखणं चित्र

गेफी मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत ते चालायला लागणारं जावा सोबतच येतं. तीन भाग लक्षात ठेवा: ओव्हरव्ह्यूमध्ये मांडणी, डेटा लॅबोरेटरीत तक्ता, प्रीव्ह्यूमध्ये छापील चित्र.

इम्पोर्ट स्प्रेडशीटमधून आधी नोडांची फाइल घ्या, मग दुव्यांची. दुसऱ्या फाइलीच्या वेळी शेवटच्या खिडकीत चालू वर्कस्पेसमध्येच भर घालण्याचा पर्याय निवडा. तो राहिला तर दुवे नव्या वर्कस्पेसमध्ये जातात आणि नुसते क्रमांक असलेलं, लेबल नसलेलं जाळं समोर येतं. नवख्यांची सर्वाधिक अडचण इथेच होते. त्याच खिडकीत जाळ्याला दिशा आहे की नाही हेही सांगायचं असतं. ‘सल्ला कोणाकडे मागता’ या प्रश्नाला दिशा असते, ‘एकाच बचत गटात आहेत’ याला नसते.

मांडणीसाठी फोर्सअ‍ॅटलस 2 लावा. ते आपणहून थांबत नाही. जाळं स्थिरावलं की तुम्हीच थांबवायचं. नोड एकमेकांवर चढले असतील तर स्केलिंग वाढवत न्या. एकटे नोड कडेला दूर पळत असतील तर ग्रॅव्हिटी वाढवा. नोड एकमेकांवर येऊ न देण्याची खूण सर्वात शेवटी करा. ती सुरुवातीलाच केली तर नोड एकमेकांना अडवतात आणि मांडणी नीट उलगडत नाही. मग अपिअरन्समध्ये नोडांचा आकार दुव्यांच्या संख्येवरून द्या (10 ते 50 ही मर्यादा ठीक) आणि रंग गटांवरून.

गट पाडायला मॉड्युलॅरिटी, म्हणजे गटांच्या आत दुवे किती दाट आणि गटांबाहेर किती विरळ हे मोजणारं माप, चालवावी लागते. कराटे क्लबवर ती चालवली की साधारणपणे 4 गट येतात, खरा क्लब मात्र दोनच तुकड्यांत फुटला. सॉफ्टवेअर चुकलेलं नसतं. मॉड्युलॅरिटीचं जास्तीत जास्त मूल्य, सुमारे 0.42, चार गटांनाच मिळतं. म्हणून चार रंग दिसले म्हणजे गावात चार तट आहेत, असं लिहून मोकळं होऊ नका. गट किती बारीक पाडायचे हे ठरवणारा रेझोल्यूशनचा आकडा बदलून पाहा. गेफीत हा आकडा 1 पेक्षा वाढवला की गट कमी आणि मोठे होतात. नेटवर्कएक्समध्ये नेमकं उलट, तिथे वाढवला की गट लहान आणि जास्त होतात. दोन्हींत काम करणाऱ्यांनी हे कागदावर लिहून समोर लावावं.

गेफीच्या दोन उणिवा गंभीर आहेत. 0.10 आवृत्तीपर्यंत तरी केलेली कृती मागे घेता येत नाही. एक चुकीची मांडणी लावली की आधीची गेली. आणि नोडांच्या सुरुवातीच्या जागा कशाही पडत असल्याने तेच जाळं दोनदा आयात केलं तर चित्र वेगळं दिसतं. कधी नुसतं फिरलेलं, कधी उलटं. म्हणून मांडणी आवडली की जीईएक्सएफ या जाळ्यांच्या फाइल-प्रकारातही निर्यात करून ठेवा. त्यात नोडांच्या जागा, रंग, आकार सगळं राहतं, आणि मूळ प्रकल्पाची फाइल उघडेनाशी झाली तरी काम वाचतं. मोठ्या जाळ्यात गेफी अडखळायला लागलं तर गेफी डॉट कॉन्फ या फाइलीत जावाला दिलेली मेमरी वाढवा. संगणकाच्या एकूण मेमरीच्या निम्म्याहून थोडी जास्त पुरे.

काहीच बसवायचं नसेल तर गेफी लाइट ब्राउझरमध्ये चालतं आणि आकडेमोड तुमच्याच संगणकावर होते. वर्गात दाखवायला ते उत्तम, पण सांख्यिकी मापं मूळ गेफीपेक्षा कमी.

सायटोस्केप: माहिती चित्रात बसवायला

हे जीवशास्त्रासाठी जन्मलं. 2003 सालच्या शोधनिबंधातून ते जगापुढे आलं आणि आजही मेनूंमध्ये जनुकं-प्रथिनं डोकावतात. तेवढं सोडून दिलं तर लहान सामाजिक जाळ्यासाठी आमची पहिली पसंती हीच. कारण स्टाइल पॅनल. एखादा रकाना रंगाशी, दुसरा आकाराशी, तिसरा रेषेच्या जाडीशी जोडला की तो जोडलेलाच राहतो. तक्त्यात एखाद्या बाईचं ‘सचिव’ बदलून ‘अध्यक्ष’ केलं की चित्रातला रंग आपोआप बदलतो. तीच स्टाइल दुसऱ्या गावाच्या जाळ्यालाही लावता येते, म्हणजे दोन चित्रांत लाल रंगाचा अर्थ एकच राहतो. गेफीत हे दर वेळी हाताने जुळवावं लागतं. कृती मागे घेण्याची सोयही इथे आहे.

आयात करताना कुठला रकाना सोर्स आणि कुठला टार्गेट हे रकान्याच्या मथळ्यावर क्लिक करून सांगावं लागतं. न सांगितलं तर जाळं बनतच नाही. नोडांची माहिती नंतर वेगळ्या तक्त्यातून घेतली आणि रकाने रिकामे दिसले, तर जुळणीचा रकाना चुकलाय असं समजा. जाळं मोठं असताना लेबलं एकाएकी गायब झाली तर घाबरू नका. वेग राखण्यासाठी सायटोस्केप तपशील लपवतं, व्ह्यू मेनूतून ते कायम दिसत ठेवता येतात. 3.10 आवृत्तीला जावा 17 लागतं. दहा हजारांच्या पुढे नोड गेले की गेफीच बरं.

पायेक आणि बाकीचे

पायेक स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्याना इथे व्लादिमिर बातागेल्य आणि आंद्रेय म्रवार यांनी 1996 पासून विकसित केलं. आकाराच्या बाबतीत त्याला तोड नाही. पण दिसायला जुनाट, शिकायला अवघड, आणि मोफत आहे ते बिगर-व्यावसायिक वापरापुरतं. फाइल साध्या मजकुराची: आधी नोडांची संख्या, मग 1 पासून सलग क्रमांक आणि अवतरणचिन्हांत लेबल, मग दुवे. मधला एक क्रमांक गळला की सगळं बिघडतं. गटांची माहिती वेगळ्या फाइलीत, नोडांच्याच क्रमाने द्यायची. तक्ता वेगळ्या क्रमाने लावलात तर पायेक तक्रार करत नाही, चुकीचे रंग निमूटपणे देतं. हे फार धोक्याचं आहे.

सॉकनेटव्ही हलकं, मुक्तस्रोत आणि शिकवायला छान. मापांचा अहवाल सूत्रांच्या खुलाशासह देतं, पण चित्र गेफीइतकं देखणं निघत नाही. नोडएक्सएलची मोफत आवृत्ती फक्त विंडोजवरच्या एक्सेलमध्ये चालते आणि कामाच्या बऱ्याच सोयी सशुल्क आवृत्तीत आहेत. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

आर आणि पायथन

आरमध्ये आयग्राफ आणि जीग्राफ (ggraph) या पॅकेजांची जोडी घ्या. मांडणीच्या आधी यादृच्छिक आकड्यांचं बीज (सीड, म्हणजे ते आकडे जिथून सुरू होतात तो क्रमांक) पक्कं केलं की चित्र दर वेळी तेच येतं, आणि मार्गदर्शकांनी तीन महिन्यांनी एक माणूस वगळायला सांगितला तर एक ओळ बदलून भागतं. प्रबंधासाठी हीच वाट धरा, शिकायला पंधरा-वीस दिवस गेले तरी चालतील. पायथनमध्ये मापं नेटवर्कएक्सकडून काढून घ्या, पण चित्र त्यातच काढायचा हट्ट नको. त्याचं दस्तऐवजही चित्रांसाठी इतर साधनांकडे बोट दाखवतं. जीईएक्सएफमध्ये निर्यात करून गेफीत उघडा.

मराठी लेबलं

पायथनच्या मॅटप्लॉटलिब या चित्र काढणाऱ्या लायब्ररीत मूळ फॉन्टला देवनागरी येत नाही, चौकोन दिसतात. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट दिला तरी जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर येते. ब्राउझरमध्ये चित्र दाखवणारी साधनं, म्हणजे आरचं व्हिसनेटवर्क, पायथनचं पायव्हिस आणि गेफी लाइट, मराठी नीट दाखवतात. गेफीतून छापायचं असेल तर पीडीएफऐवजी एसव्हीजी काढा, इंकस्केप या चित्र-संपादकात उघडा आणि तिथे सगळा मजकूर निवडून फॉन्ट बदला. पूर्ण जाळ्यावर मेहनत घेण्याआधी ‘ज्ञानेश्वर’, ‘स्मिता’ आणि ‘कऱ्हाडे’ अशा तीन लेबलांचं छोटं जाळं करून छापील प्रत काढून पाहा.