गोल्ड बॉटल कॅप आणि शून्य स्पीडचा टॉरकोल : पोकेमॉन स्कार्लेटमध्ये टीम बांधण्याचा कित्येक महिन्यांचा अनुभव

गेल्या रविवारी माझ्या भाच्याने पोकेमॉन स्कार्लेटमधल्या माझ्या टॉरकोलला (आगीच्या कासवासारख्या पोकेमॉनला) गोल्ड बॉटल कॅप, म्हणजे सगळे आकडे एकदम वर नेणारी वस्तू, देऊन टाकली. प्रेमानेच दिली. मी स्वयंपाकघरात होते, तो स्विच (गेमचं कन्सोल) घेऊन बसला होता. रेडमध्ये (अनेकांनी मिळून करायच्या मोठ्या लढाईत) मिळालेली ती एकुलती एक कॅप बॅगेत बरेच दिवस पडून होती. त्याने गेममधल्या मॉन्टेनेव्हेरा गावाला जाऊन हायपर ट्रेनिंग (कॅप देऊन आकडे वाढवणं) उरकलं आणि धावत येऊन म्हणाला, "मावशी, तुझ्या टॉरकोलचं सगळं बेस्ट केलं बघ! स्पीडपुढे तर नो गुड लिहिलेलं होतं!"

ते नो गुड, म्हणजे जन्मजात शून्य, मी मुद्दाम शोधून आणलेलं होतं. भाच्यावर माझा अजिबात राग नाही. कोणत्याही मुलाला नो गुड दिसलं तर ते सुधारावंसंच वाटणार. माझा राग आहे तो गेममधल्या एका राहून गेलेल्या सोयीवर, आणि हा अनुभव लिहायला बसले तेही त्यामुळेच.

स्कार्लेट नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. त्याच्या ग्राफिक्सवर, अडखळणाऱ्या फ्रेम्सवर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय, त्यात मी भर घालत नाही. इथे विषय फक्त रँक्ड डबल्सच्या (ऑनलाइन क्रमवारीसाठी दोन विरुद्ध दोन लढायच्या) टीमचा : सहा न्यायचे, चार उतरवायचे, सगळे लेव्हल ५०. माझी टीम सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या रेग्युलेशन एच या स्पर्धेच्या नियमावलीसाठी बांधलेली आहे, म्हणजे लेजंडरी आणि पॅराडॉक्स हे ताकदवान गट दोन्ही बाद. टॉरकोल, हॅटरीन, मादी इन्डीडी, इन्सिनरोर, गोल्डेंगो आणि व्हीनसॉर. हॅटरीन ट्रिक रूम (वेगाचा क्रम उलटवणारी चाल) लावते, इन्डीडी फॉलो मीने मार अंगावर घेते, तिच्या सायकिक टेरेनमुळे जमिनीवरच्या कोणावर फेक आउट (समोरच्याचा टर्न घालवणारी झटपट चाल) चालत नाही, आणि मग टॉरकोल त्याच्या ड्राउट या अंगभूत गुणाने पडलेल्या उन्हात इरप्शन हा आगीचा मारा सोडतो. पूर्ण एचपीला १५० पॉवर, वर ऊन, वर फायर टेरा (लढाईत टाइप बदलण्याची सोय). नवीन काही नाही, ज्यांनी लॅडरवर (ऑनलाइन क्रमवारीत) थोडे दिवस काढलेत त्यांना ही जोडी पाठ आहे.

आता शून्याचं महत्त्व. ट्रिक रूममध्ये जो हळू तो आधी. टॉरकोलचा बेस स्पीड २०. स्पीड कमी करणारं क्वाएट नेचर (स्वभाव) आणि आयव्ही (जन्मजात गुण, ० ते ३१) ० असेल, तर लेव्हल ५० ला त्याचा स्पीड २२ येतो. तोच आयव्ही ३१ असेल तर ३६. फरक फक्त चौदाचा, पण त्या चौदाच्या मधोमध अमूंगस हा झोपवणारा पोकेमॉन बसलेला आहे. त्याचा बेस स्पीड ३०, आणि जो कोणी तो मनापासून खेळवतो तो त्याला शून्य आयव्हीचाच ठेवतो. म्हणजे ३१. हिशेब करा : इन्डीडी पडलेली आहे, ट्रिक रूम लागलेली आहे, समोर अमूंगस आहे. माझा टॉरकोल २२ चा असेल तर इरप्शन आधी आणि अमूंगस होरपळतो. ३६ चा असेल तर त्याची स्पोअर ही झोपवणारी चाल आधी आणि टॉरकोल झोपतो. ट्रिक रूम लावलेला टर्न धरून पाचच टर्न असते. त्यातले दोन झोपेत गेले की ती मॅच गेल्यात जमा. समोरच्याकडेही टॉरकोल असेल तर विचारायलाच नको.

रविवारपासून माझा टॉरकोल ३६ चा आहे.

गेमने बाकी सगळं किती सोपं करून ठेवलंय, हे आधी मान्य करते. पूर्वी योग्य नेचरसाठी अंड्यांमागून अंडी उबवावी लागायची. आता चॅन्सी सप्लाय या गेममधल्या दुकानात २०,००० ची नेचर बदलणारी मिंट घ्या, काम झालं. आयव्ही कमी पडतोय? डेलिबर्ड प्रेझेंट्समध्ये साधी (एकाच आकड्याची) बॉटल कॅप २०,००० ला. चुकीची अ‍ॅबिलिटी? एक लाखाची कॅप्सूल. हिडन अ‍ॅबिलिटीसाठी लागणारा पॅच तेवढा दुकानात मिळत नाही, त्यासाठी सहा ताऱ्यांच्या रेड कराव्या लागतात. इन्सिनरोरचं इंटिमिडेट आणि व्हीनसॉरचं क्लोरोफिल दोन्ही हिडन, त्यामुळे तिथे वेळ गेला, पण तो वेळ मित्रमैत्रिणींबरोबर गेला, त्याची तक्रार नाही.

पैशांची मात्र तक्रार होती. व्हायटमिन एक १०,००० ला आणि त्याने ईव्ही (सरावाने मिळवायचे गुण) वाढतात १०. एक स्टॅट (एचपी, अटॅक, स्पीड असा एक आकडा) २५२ ला न्यायचा तर २६ व्हायटमिन, म्हणजे २,६०,०००. दोन स्टॅट आणि वरचं सुट्टं धरलं तर एका पोकेमॉनवर पाच लाखांच्या वर खर्च, टीममध्ये असे सहा. पैसे गेमातले असले तरी मला असे उधळवत नाहीत. एस टूर्नामेंट या गेममधल्या स्पर्धेत अ‍ॅम्युलेट कॉइन लावून गोल्डेंगोच्या मेक इट रेनने कमाई होते, पण तेच तेच दामटून कंटाळा येतो.

काटकसरीचा रस्ता पॉवर आयटमचा (लढाईत जास्त ईव्ही मिळवून देणाऱ्या वस्तूंचा) आहे. १०,००० एकदाच घालायचे, वस्तू कायमची आपली. पॉवर वेट लावून एक लेचॉन्क (जंगली पोकेमॉन) पाडला की एचपीचा १ आणि वर ८, असे ९ ईव्ही. २८ लेचॉन्क पाडले की बरोबर २५२. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. सुरुवातीच्याच कुरणात ते घोळक्याने हिंडतात. स्पेशल अटॅकसाठी पॉवर लेन्स आणि सायडक. शिवाय ईव्ही पार्टीतल्या सगळ्यांना मिळतात, त्यामुळे दोघातिघांना पॉवर वेट लावलं की एकाच फेरीत सगळ्यांचं एचपी उरकतं. ज्यांना तो स्टॅट नको त्यांना तेवढं आधी बॉक्समध्ये ठेवा. व्हायटमिनच वापरणार असाल, तरी सव्विसावं घेऊ नका. २५ ला २५० होतात, उरलेल्या दोनसाठी वाटेत चमकणारी पिसं उचला. एका पिसाला एक ईव्ही, फुकट.

डीएलसीवर (टील मास्क आणि इंडिगो डिस्क या वेगळ्या विकत घ्यायच्या जोडभागांवर) पैसे घालायला मी बरेच दिवस तयार नव्हते. ३४.९९ डॉलर म्हणजे मूळ गेमच्या निम्म्याहून जास्त. घेतलं ते इन्सिनरोरसाठी, कारण इंडिगो डिस्कशिवाय तो या गेममध्ये सापडत नाही. पण पैसे वसूल झाले ते टील मास्कमधल्या एका खाऊमुळे. फुगे फोडून बेरी गोळा करायच्या त्या मिनीगेममध्ये फ्रेश-स्टार्ट मोची मिळते. ती एक खायला घातली की पोकेमॉनचे सगळे ईव्ही शून्य. पूर्वी याच कामासाठी प्रत्येक स्टॅटची वेगळी बेरी, एका बेरीला दहा कमी, असं मोजत बसावं लागायचं. नियम बदलले, समोरचे पोकेमॉन बदलले की स्प्रेड (ईव्हींची वाटणी) बदलावाच लागतो, आणि ही मोची आल्यापासून मी बिनधास्त बदलते. हॅटरीनचा डिफेन्स मी असाच पुन्हा पुन्हा हलवला, शेवटी मनासारखा बसला. टेरा शार्डचंही तेच. टेराचा टाइप बदलायला एका वेळी ५० शार्ड लागतात, आणि नुसत्या रेडवर अवलंबून होते तेव्हा ते मला नकोसं झालं होतं. इंडिगो डिस्कमधल्या ब्लूबेरी अकादमीतला आयटम प्रिंटर (वस्तू बनवून देणारं यंत्र) हाताशी आल्यावर तो विषय माझ्यापुरता मिटला.

आता इथेच माझा मुद्दा आहे. ईव्ही खाली आणायची सोय दिली. नेचर दोन्ही बाजूंनी फिरवता येतं. मग आयव्ही फक्त वरच का जावा? बॉटल कॅप ३१ करते. ० करणारं काहीच नाही. गोल्ड कॅप तर सहाही स्टॅट एकदम वर नेते, त्यातून स्पीड वगळता येत नाही, आणि दिलेली कॅप परत घेता येत नाही. ट्रिक रूम हा या डबल्समधला जुना, मान्यताप्राप्त डाव आहे. सगळ्या दुकानात त्या डावाच्या खेळाडूसाठी एक साधी वस्तू असू नये, हे मला आजही पटत नाही. स्पेशल अटॅकरचं अटॅक ० असलं की फाउल प्ले (आपलंच अटॅक आपल्यावर उलटवणारी चाल) आणि कन्फ्यूजनचा (गोंधळून स्वतःलाच बसणारा) मार कमी बसतो, म्हणजे गरज फक्त ट्रिक रूमवाल्यांचीच आहे असंही नाही.

रविवारी रात्री मी हा गेम विकायच्या विचारात होते. सोमवारी बॉक्स उघडून टॉरकोलचं जज पान (आयव्ही दाखवणारं पान) बघितलं. षटकोन सहाही टोकांना भिडलेला, आणि स्पीडपुढे हायपर ट्रेन्ड. त्या शब्दांनीच मला वाट दाखवली. हायपर ट्रेनिंग लढाईपुरतं असतं, ते पिल्लात उतरत नाही. अंड्यात जातो तो जन्माचा आयव्ही, आणि जन्माचा आयव्ही अजूनही शून्यच आहे. म्हणजे लढाईतून बाद झालेला माझा टॉरकोल बाप म्हणून अजून तेवढाच मोलाचा आहे.

मग अंड्यांसाठी गेममध्ये पिकनिक मांडली. टॉरकोलला पॉवर अँकलेट दिलं, त्यामुळे स्पीडचा आयव्ही त्याच्याकडूनच जातो. डिटोला (कोणाशीही जोडी जमणाऱ्या पोकेमॉनला) डेस्टिनी नॉट, म्हणजे पालकांचे जास्त आयव्ही पिल्लाला देणारी वस्तू. केळं आणि पीनट बटरचं सँडविच खाल्लं की एग पॉवर मिळते आणि टोपलीत अंडी भराभर येतात. पार्टीत फ्लेम बॉडीवाला ठेवला की उबवायला निम्मा वेळ. इरप्शन बापाला येत असल्यामुळे पिल्लांना जन्मतःच आलं. ज्यांच्या टॉरकोलला येत नाही त्यांनी त्याची एक मूव्ह विसरायला लावून जागा रिकामी ठेवावी, मिरर हर्ब द्यावं आणि इरप्शन येणाऱ्या कॅमरप्टसोबत पिकनिक करावी. भाचा शेजारी बसून कोरायडनला (गेममधल्या सवारीच्या पोकेमॉनला) गोल गोल पळवत होता. पहिलं पिल्लू बाहेर आलं, जज पान उघडलं, स्पीडपुढे नो गुड, आणि या वेळी तोच आधी ओरडला, "मावशी, नो गुड! नो गुड आला!" एक्स्पी कँडी घालून लेव्हल ५०, साध्या कॅप निवडून निवडून फक्त हव्या त्या स्टॅटना, क्वाएट मिंट, आणि टॉरकोल पुन्हा २२ चा.

तेव्हा रविवारचं मत मी बदलते. अंडी देणाऱ्या पोकेमॉनसाठी हा त्रास एकदाच आहे. शून्य स्पीडचा पहिला पालक जंगलात शोधताना सरासरी ३२ मागे एक मिळतो, तेवढं सोसायचं. पुढे प्रत्येक पिल्लू शून्याचंच.

अंडी न देणाऱ्यांचं काय, हा प्रश्न मात्र तसाच उरतो, आणि तिथे माझं मत जराही मऊ झालेलं नाही. ज्या रेग्युलेशनमध्ये मोठे लेजंडरी चालतात, तिथे ट्रिक रूमचा राजा म्हणजे बर्फाच्या घोड्यावरचा कॅलिरेक्स. तो स्कार्लेटमध्ये सापडतच नाही. सोर्ड किंवा शील्ड घ्या, ५९.९९ डॉलर. त्यावर, तो जिथे मिळतो त्या क्राउन टुंड्रासाठी एक्स्पान्शन पास, २९.९९. मग होम या पोकेमॉन गेमांमध्ये हलवणाऱ्या अॅपमधून इकडे आणा. होमचा फुकट प्लॅन त्याला पुरतो, एवढाच दिलासा. म्हणजे एका पोकेमॉनसाठी ९० डॉलर, आणि तरी शून्य स्पीडची हमी नाही. लेजंडरीचे तीन आयव्ही ३१ येतातच, त्यात स्पीड नको आणि उरलेल्यात तो नेमका ० हवा, हे जमायची शक्यता ६४ मध्ये एक. प्रत्येक वेळी सेव्ह परत लोड करून तीच लढाई, तेच संवाद. नोकरी करून, घर सांभाळून हे कोणी कधी करायचं?

२०२३ मध्ये योकोहामाच्या जागतिक स्पर्धेत काही खेळाडू हॅक चेकमध्ये (बनावट पोकेमॉन शोधणाऱ्या तपासणीत) बाद झाले, तेव्हा इथेही खूप चर्चा झाली. नियम तो नियम, आणि बनावट पोकेमॉन मी स्वतः कधी वापरणार नाही. पण शून्य आयव्हीची एक कॅप २०,००० ला दुकानात ठेवली असती, तर बनावटीकडे वळायचं एक कारण तरी कमी झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

नव्याने घेणाऱ्यांसाठी : आधी ब्राउझरवर पोकेमॉन शोडाउन या लढाईच्या सिम्युलेटरमध्ये टीम बांधा. तिथे आयव्ही, ईव्ही, टेरा सगळं टाइप करून भरता येतं आणि एक पैसा लागत नाही. तिथे ती टीम आपल्याला खेळता येते अशी खात्री झाली की मग गेममध्ये मेहनत करा. व्हीनसॉर मी तिथेच पारखला. समोर ट्रिक रूम लावू न देणारी टीम आली की टॉरकोलच्या उन्हात तो दुप्पट वेगाने धावतो, आणि तेव्हा मला ट्रिक रूमची गरजच पडत नाही. ऑनलाइन रँक्डला निन्टेन्डोचं सबस्क्रिप्शन लागतं, एकट्याचं वर्षाला १९.९९ डॉलर. आम्ही मैत्रिणींनी मिळून ३४.९९ चा फॅमिली प्लॅन घेतला, त्यात आठ अकाउंट बसतात. डीएलसी स्पर्धेसाठी खेळणार असाल तरच घ्या, पण मग नक्की घ्या.

आणि या आठवड्यात उबवलेली पिल्लं बॉक्सभर झालीत. सगळी शून्य स्पीडची, सगळ्यांना इरप्शन, ड्राउटवाली वेगळी काढून ठेवलीत. ज्यांना ट्रिक रूम खेळायचाय आणि पहिला पालक मिळत नाहीये, त्यांनी एक मागून घ्या. बदल्यात काही नको. फक्त त्याच्या पिल्लांतलं एक पुढे कोणालातरी द्या, आणि घरात लहान मूल असेल तर गोल्ड कॅप आधी दुसऱ्या कोणाला तरी वापरून टाका.