सात्मीकरण की सांस्कृतिक बहुविधता? बेने इस्राएलांच्या निमित्ताने

सात्मीकरण म्हणतं, नव्या देशात आलेल्यांनी तिथल्या साच्यात बसावं. १९५०च्या दशकातल्या इस्रायलची अपेक्षा हीच होती: हिब्रू शिका, जुनं मागे ठेवा. कोकणातून मुंबईमार्गे गेलेले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, हिब्रू शिकलेही. पण बदललात तर दार उघडेल, हे या संकल्पनेतलं गृहीतक तिथे खोटं ठरलं. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, लग्नं अडली. आंदोलन झालं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं मान्य केलं. साचा कोणाचा, हे बलवानांनी आधीच ठरवलेलं असतं. मला सात्मीकरणाचा हाच सर्वांत मोठा दोष वाटतो.

सांस्कृतिक बहुविधता वेगळेपणाला जागा देते. इस्रायलमध्ये आजही मलिदा हा त्यांचा विधी होतो, संदेष्टा एलियाहूचं नाव घेत गोड पोह्यांचं ताट मांडलं जातं. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तिथून निघालं. अर्थात सण जपू दिले म्हणून नोकरी आणि घर बरोबरीने मिळतंच असं नाही. हा प्रश्न ही संकल्पना अर्धवट सोडते. तरीही मी हिच्याच बाजूने आहे. हिब्रू बोलायला मराठी विसरावी लागत नाही.