लिथॉप्सच्या बियांचे पाकीट: बी चोख, पत्रक चुकीचे

लिथॉप्स म्हणजे दगडासारखी दिसणारी, दोन जाड पानांची बुटकी रसाळ वनस्पती. तिच्या ५० बियांचे ऑनलाइन मागवलेले पाकीट यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या खेड्यात टपालाने नवव्या दिवशी पोचले. बी खसखशीहूनही बारीक असल्याने पंखा बंद करून पांढऱ्या कागदावर मोजले, तेव्हा ते ४१ च भरले.

त्याहून मोठी तक्रार सोबतच्या पत्रकाविषयी आहे. त्यात बियांवर अर्धा इंच माती पसरण्यास सांगितले आहे, आणि ते साफ चुकीचे आहे, कारण एवढ्याशा बीजात इतका थर फोडून वर येण्याइतका अन्नसाठाच नसतो. शेतातली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून ती टाळून मी नाल्याची चाळलेली रेती, विटांचा चुरा व थोडे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजवले, त्यावर बी नुसते भुरभुरले आणि डब्यावर प्लास्टिकचा कागद ताणला. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्यामुळे पेरणीसाठी नोव्हेंबर निवडला.

दहाव्या दिवशी पहिले हिरवे ठिपके दिसले आणि तीन आठवड्यांत २६ रोपे झाली, म्हणजे बी ताजे होते. पुढे प्लास्टिक काढण्यास उशीर झाला आणि बुरशीने सहा रोपे एका रात्रीत आडवी केली. हा दोष माझाच, विक्रेत्याचा नव्हे. तेव्हापासून डबा उघडा ठेवतो, ताटलीतून खालूनच पाणी देतो आणि दुपारचे ऊन लागू देत नाही. उरलेल्या वीस रोपांपैकी काहींच्या दोन पानांमधल्या फटीतून आता पानांची नवी जोडी डोकावू लागली आहे.