मरु राष्ट्रीय उद्यानाची सहल सांगून समच्या टेकड्यांवर नेणारे : जैसलमेरमधील फसवणुकीचा अनुभव

हिवाळ्यात जैसलमेरला जाणाऱ्या मराठी पर्यटकांपैकी अनेक जण माळढोक हा दुर्मीळ पक्षी पाहण्यासाठी मरु राष्ट्रीय उद्यानाकरिता एक पूर्ण दिवस राखून ठेवतात. नेमक्या याच दिवसावर काही वाहनचालक आणि मध्यस्थ डोळा ठेवून असतात. जानेवारीत आमची दोन कुटुंबे या प्रकाराला बळी पडली. फसवणुकीची रीत आधी माहीत असली तर ती सहज ओळखता येते, म्हणून ती येथे सविस्तर मांडत आहे.

या फसवणुकीचे मूळ उद्यानाच्या भूगोलात आहे. १९८० साली घोषित झालेले हे क्षेत्र जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटर पसरलेले आहे. नावात राष्ट्रीय उद्यान असले तरी कायद्याने ते अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत गावे, शेते, गुरांची कुरणे आणि सर्वांना खुले असलेले रस्ते आहेत. ताडोब्यासारखे ठरावीक प्रवेशद्वार आणि तेथून सुटणाऱ्या जिप्सी अशी व्यवस्था डोळ्यांसमोर ठेवून गेलेल्या माणसाला आपण उद्यानात नेमके केव्हा शिरलो, हे कळतच नाही. माळढोक दिसण्याची खरी शक्यता असते ती शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवर, सुदासरी येथील कुंपण घातलेल्या संरक्षित कुरणात, आणि तेथे वन विभागाच्या परवानगीने जावे लागते. सम येथील वाळूच्या टेकड्या मात्र शहरापासून ४० किलोमीटरच्या आसपास असून तेथे उंटाच्या फेऱ्या, वाळूतून धावणाऱ्या जीप आणि तंबूंच्या वसाहती असा भरगच्च व्यवसाय चालतो. सुदासरीचे पैसे घ्यायचे आणि पर्यटकाला समला सोडायचे, एवढाच हा सगळा प्रकार आहे.

आम्हाला उतरलेल्या ठिकाणीच एक मध्यस्थ भेटला. त्याने गाडीचे ७,५०० रुपये सांगितले आणि त्याशिवाय प्रवेश, कॅमेरा व वाटाड्या यांचे ‘सरकारी शुल्क’ म्हणून माणशी ६०० रुपये रोख मागितले. त्या बदल्यात शिक्का मारलेला एक छापील कागद दिला. त्यावर ‘डेझर्ट नॅशनल पार्क परमिट’ असे शब्द होते, पण पावती क्रमांक, गाडीचा क्रमांक किंवा अधिकाऱ्याची सही यांपैकी काहीही नव्हते. अकल येथील जीवाश्म झालेली झाडे ‘वाटेवरच’ दाखवू, असेही तो म्हणाला. जुरासिक काळातील, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे हे वृक्ष पाहण्याची मुलांना फार उत्सुकता होती. पण अकल बाडमेर रस्त्यावर शहरापासून १७ किलोमीटरवर आहे आणि सम पश्चिमेला. एकाच्या वाटेवर दुसरे येऊच शकत नाही. असे आश्वासन ऐकले की समोरचा माणूस खोटे बोलत आहे, हे नकाशा उघडताच कळेल.

पहाटे सहाला ठरलेली गाडी दहा वाजता आली. फाटकच अकराला उघडते, असे कारण चालकाने दिले. माळढोक सकाळी लवकर आणि उतरत्या उन्हात चरायला बाहेर पडतो, म्हणून पक्षी पाहायला नेणारा माणूस सकाळची वेळ कधीही दवडणार नाही. उशीर केला की दिवस आपोआप समच्या सूर्यास्ताकडे ढकलता येतो. मध्ये पालीवालांचे ओसाड गाव कुलधरा दाखवण्यात बराच वेळ गेला. त्यानंतर रस्त्याकडेच्या एका तारेच्या कुंपणापाशी गाडी थांबवून चालकाने सांगितले की आत माळढोकाचे प्रजनन केंद्र असल्यामुळे सरकारने पर्यटकांना बंदी केली आहे. हे अर्धसत्य होते आणि म्हणूनच ते पटण्यासारखे होते. सम येथे २०१९ पासून असे केंद्र खरोखर चालू आहे आणि ते पर्यटकांसाठी नाही. परंतु आम्ही ज्या कुंपणापाशी उभे होतो त्याचा त्या केंद्राशी संबंध नव्हता आणि सुदासरीला जाण्याची परवानगी ही वेगळीच बाब आहे.

पुढे एका पाणवठ्यावर पन्नास-साठ राखाडी पक्ष्यांचा थवा दाखवून तो म्हणाला, ‘‘ये देखो, गोडावण.’’ गोडावण हे माळढोकाचे राजस्थानी नाव. माझे मेहुणे सोलापूरचे असून नान्नजच्या माळढोक अभयारण्यात ते लहानपणापासून गेलेले आहेत. त्यांनी तेथेच सांगितले की माळढोकाची मान पांढरट, डोक्यावर काळी टोपी आणि पाठ तपकिरी असते, तर या पक्ष्यांची मानच काळी आहे. ते हिवाळ्यात येणारे स्थलांतरित क्रौंच होते. राजस्थानात त्यांना कुरजां म्हणतात. जगभरात मोकळ्या माळावर दीडशेहून कमी माळढोक उरलेले असताना त्यांचा एवढा थवा एका पाणवठ्यावर असणे अशक्यच आहे. आक्षेप घेताच चालकाचा सूर बदलला आणि तो आम्हाला सरळ समला घेऊन गेला. तेथे उंटवाले आणि तंबूवाले त्याला नावाने ओळखत होते. त्याला प्रत्येक गिऱ्हाइकामागे दलाली मिळते, हे एका उंटवाल्याने स्वतःच सांगितले.

पैशांपेक्षाही मला जास्त संताप आला तो वाटेतल्या एका प्रसंगाचा. चिंकारांचा कळप दिसताच जादा पैसे दिल्यास गाडी त्यांच्यामागे घालतो, असे त्याने सुचवले, आणि आम्ही ठाम नकार देईपर्यंत त्याने गाडी रस्ता सोडून सेवण गवतात उतरवलीही होती. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. ज्या कुरणांवर हा पक्षी कसाबसा टिकून आहे, तीच हे लोक चाकांखाली तुडवत आहेत. चिंकाराचा पाठलाग हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हाही आहे.

दुसऱ्या दिवशी वन विभागाच्या जैसलमेर येथील कार्यालयात तो कागद दाखवल्यावर तो बनावट असल्याचे आणि आदल्या दिवशीच्या नोंदींत आमची गाडी नसल्याचे स्पष्ट झाले. तेथील कर्मचाऱ्यांनी आस्थेने माहिती दिली. परवानगी आणि शुल्काची रीतसर पावती स्वतः घेऊन मगच गाडी ठरवावी, हाच मार्ग त्यांनीही सांगितला. गाडी ठरवताना ‘नॅशनल पार्क’ असे मोघम न म्हणता ‘सुदासरी’ हे नाव, निघण्याची वेळ आणि एकूण रक्कम संदेशात लिहून घ्यावी; जो चालक सुदासरीचे नाव लिहून देण्यास कां-कूं करतो, त्याच्याबरोबर जाऊ नये. मोबाइलवरून दिलेल्या रकमेची नोंद आमच्याकडे होती, त्यामुळे पोलिसांकडे तक्रार केल्यावर गाडीभाड्याचा काही भाग परत मिळाला. रोख दिलेले शुल्क मात्र पूर्ण बुडाले. असा प्रसंग आल्यास पर्यटकांसाठीच्या १३६३ आणि ग्राहकांसाठीच्या १९१५ या राष्ट्रीय क्रमांकांवर तक्रार नोंदवता येते. शहर सोडण्यापूर्वीच ती करावी आणि गाडीचा क्रमांक, बनावट कागदाचे छायाचित्र व पैसे दिल्याची नोंद तक्रारीसोबत तयार ठेवावी.